सळईचा गंज : दुरुस्तीआधी काय तपासावे आणि दुरुस्ती कशी करून घ्यावी

मुंबई, ठाणे, वसई आणि कोकण किनाऱ्यावरील गावांत १९७० ते १९९० च्या दरम्यान उभ्या राहिलेल्या आरसीसी इमारतींत छज्ज्याचा खालचा थर सुटणे, कॉलमच्या कोपऱ्यावर उभी भेग पडणे किंवा न्हाणीघराखालच्या स्लॅबमधून तांबूस सळया उघड्या पडणे हे इतके नेहमीचे झाले आहे की, पुष्कळ सोसायट्या त्याकडे केवळ प्लास्टरचे काम म्हणून पाहतात. मिस्त्री येतो, सुटलेला भाग पाडतो, सिमेंट-वाळूचा माल थापतो, वरून रंग लागतो आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर तशीच भेग वीतभर अंतरावर पुन्हा उमटते. पुढे दिलेली पद्धत सोसायटीच्या कार्यकारिणीसाठी, तसेच स्वतःच्या घराची दुरुस्ती करून घेणाऱ्यांसाठी आहे. सळई कशामुळे गंजली हे ठरल्याशिवाय छिन्नी-हातोडी उचलू देऊ नये, हा तिचा गाभा. कारण गंजाची मुख्य कारणे दोन आहेत आणि दोहोंची दुरुस्ती सारखी नाही.

गंजाची दोन कारणे

चांगल्या काँक्रीटच्या छिद्रांतील पाणी अतिशय अल्कधर्मी असते; त्याचा पीएच साधारणपणे १२.५ ते १३.५ भरतो. अशा वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा एक अत्यंत पातळ आणि घट्ट पापुद्रा धरतो, आणि तो शाबूत आहे तोवर ओल व हवा आतपर्यंत पोचली तरी सळई गंजत नाही. हा पापुद्रा मोडण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग कार्बोनेशनचा. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या छिद्रांतून आत शिरतो, तेथील चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट तयार करतो आणि पीएच ९ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली आणतो. ही प्रक्रिया पृष्ठभागाकडून आत सरकत जाते, पण तिचा वेग मंदावत जातो, कारण गाठलेली खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जेथे ४ वर्षांत ५ मिलिमीटर खोली गाठली गेली, तेथे १० मिलिमीटरला १६ वर्षे आणि १५ मिलिमीटरला ३६ वर्षे लागतील. सळईवरील काँक्रीटचा थर, ज्याला बांधकामावर सगळे कव्हर म्हणतात, तो निम्मा पडला तर संरक्षणाचा काळ एकचतुर्थांश उरतो, हा या हिशोबाचा उलटा अर्थ आहे. आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या १९७८ च्या आवृत्तीत स्लॅबला १५ मिलिमीटर कव्हर चालत असे आणि एम १५ दर्जाचे काँक्रीटही (एमपुढचा आकडा जितका मोठा तितके काँक्रीट बळकट) मान्य होते. त्यातच १९८२ पर्यंत सिमेंट पूर्णतः सरकारी नियंत्रणाखाली होते आणि परवान्यावर मिळत होते. कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचा एखादा तुकडा सरकवून सळई उचलण्याची पद्धतही होतीच. त्यामुळे त्या काळातील अनेक स्लॅबमध्ये कागदावरचे १५ मिलिमीटरही प्रत्यक्षात सापडत नाहीत. याच मानकाच्या २००० च्या आवृत्तीने आरसीसीसाठी किमान दर्जा एम २० केला, आणि सागरी हवेला थेट उघड्या असणाऱ्या भागांसाठी एम ३० काँक्रीट व ४५ मिलिमीटर कव्हर सांगितले.

दुसरा मार्ग क्लोराइडचा, म्हणजे मिठाचा. क्लोराइडमुळे पीएच उतरत नाही. ते सळईवरील पापुद्र्याला ठिकठिकाणी भोक पाडते आणि तेवढ्याच जागी लोखंड खोलवर खाल्ले जाते. समुद्रावरून येणारे खारे तुषार हा त्याचा एक स्रोत आहे. न धुतलेली खाडीची रेती, किनाऱ्याजवळच्या विहिरीचे किंवा बोअरचे मचूळ पाणी आणि माल लवकर घट्ट व्हावा म्हणून घातलेले कॅल्शियम क्लोराइड हे स्रोत तर बांधतानाच आत येऊन बसलेले असतात. आयएस ४५६ प्रमाणे आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा आणि काँक्रीटमध्ये घनमीटरमागे ०.६ किलोपेक्षा जास्त असू नये.

कारण कोणतेही असो, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असल्यामुळे आतून दाब येतो आणि कव्हर फुटते. एक सावधगिरी मात्र लक्षात ठेवावी. कार्बोनेशनचा गंज सळईभर सारखा पसरतो आणि भेगा पाडून आपली वर्दी देतो, तर क्लोराइडचा गंज बाहेर फारसे काही न दिसता एखाद्याच जागी सळई अर्धी कापून टाकू शकतो. ताणलेल्या तारांच्या पुलांत हा प्रकार सर्वांत घातक ठरतो. पणजीचा मांडवीवरील पहिला पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, त्यामागे तारांचा गंज हेच प्रमुख कारण सांगितले जाते.

तपासणी : डोळे, हातोडी आणि एक बाटली

पाहणीसाठी पावसाळा संपल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत उपयोगी असतात, कारण गळतीचे ओघळ आणि ओलीचे डाग तेव्हा ताजे असतात. प्रत्येक मजल्याचा साधा नकाशा हाती घेऊन कॉलम, बीम, छज्जे, जिन्याची खालची बाजू, पाण्याच्या टाक्या आणि शौचालयाखालील स्लॅब असे क्रमाने पाहावे. प्लास्टरच्या आकुंचनाच्या भेगा बारीक आणि जाळीदार असतात. गंजाची भेग सळईच्या रेषेत सरळ धावते आणि तिच्या कडेला बहुधा तपकिरी ओघळ असतो. कॉलमवरील उभी भेग, बीमच्या तळाशी लांबीला समांतर भेग आणि ठरावीक अंतराने दिसणाऱ्या, म्हणजे रिंगांच्या (मुख्य सळयांना वेढा घालणाऱ्या बारीक सळयांच्या) जागी उमटलेल्या, आडव्या भेगा यांची नोंद वेगळी करावी. पीओपीचे फॉल्स सीलिंग असलेल्या खोल्या वगळण्याचा मोह होतो. खरे तर त्याच आधी पाहायला हव्यात.

त्यानंतर हलक्या हातोडीने ठोकून पाहावे. शाबूत काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेल्या थराचा आवाज बद्द येतो. बद्द आवाजाच्या जागेभोवती खडूने कडा आखून तिचे माप नकाशावर लिहावे. केवळ प्लास्टर सुटले असेल तरीही आवाज बद्द येतो, म्हणून शंकेच्या जागी प्लास्टरचा छोटा चौकोन काढून मूळ काँक्रीटवर पुन्हा ठोकावे.

कार्बोनेशन ओळखण्याची चाचणी स्वस्त असून जागेवरच होते. फिनॉल्फथॅलिनचे अल्कोहोलमधील १ टक्क्याचे द्रावण रसायनांच्या दुकानात मिळते. काँक्रीटचा ताजा तुटलेला पृष्ठभाग घ्यावा, धूळ फुंकून टाकावी आणि द्रावण फवारावे. जेथे गुलाबी-जांभळा रंग येतो तेथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे. जेथे रंग येत नाही तेथवर कार्बोनेशन पोचलेले आहे. माप प्लास्टरच्या नव्हे, मूळ काँक्रीटच्या पृष्ठभागापासून घ्यावे. सळई किती आत आहे हे तिथेच पट्टीने मोजावे, किंवा न फोडता मोजण्यासाठी कव्हर मीटर वापरावा.

आता दोन आकडे शेजारी ठेवावेत. कव्हर १८ मिलिमीटर आणि कार्बोनेशनची खोली २५ मिलिमीटर असेल, तर गंजाचे कारण समोरच आहे. उलट सळईभोवतीचे काँक्रीट गडद गुलाबी होत असूनही सळई गंजलेली सापडली, तर क्लोराइडचा संशय घ्यावा आणि वेगवेगळ्या खोलीवर ड्रिल करून निघालेली भुकटी प्रयोगशाळेत पाठवावी. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के क्लोराइड ही धोक्याची रूढ मर्यादा मानली जाते. पृष्ठभागाकडे क्लोराइड जास्त आणि आत कमी असेल तर ते बाहेरून शिरले आहे. सर्व खोलींवर जवळजवळ सारखेच निघाले, तर ते रेती-पाण्यातून आलेले असण्याची शक्यता जास्त, आणि मग दोष एका छज्ज्यापुरता नसतो. काही वेळा दोन्ही कारणे एकत्र सापडतात. कार्बोनेशनमुळे सिमेंटमध्ये बांधले गेलेले क्लोराइड मोकळे होते, त्यामुळे अशा जागी गंज वेगाने वाढतो.

हाफ सेल चाचणीत तांबे-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोड काँक्रीटवर ठेवून सळईचा विद्युत विभव मोजतात. वाचन उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण असेल तर गंज चालू नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक, उणे ३५० पेक्षा जास्त ऋण असेल तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक, आणि मधला पट्टा अनिश्चित, असा तिचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. मात्र पाण्याने संपृक्त काँक्रीटमध्ये ऑक्सिजन नसल्यामुळे गंज नसतानाही वाचन फार ऋण येते, आणि गंज किती झाला हे ही चाचणी सांगतच नाही. रिबाउंड हॅमर पृष्ठभागावर आपटून त्याच्या उसळीवरून काँक्रीटची ताकद अंदाजतात; नुसत्या त्याच्या आकड्यांवरही विसंबू नये. कार्बोनेशनमुळे काँक्रीटची पृष्ठभागाची कातडी कठीण होते आणि जुन्या, पोखरलेल्या कॉलमचे आकडेसुद्धा भलतेच चांगले येतात. नुसत्या हॅमरच्या तक्त्यांनी भरलेला अहवाल आला, तर फिनॉल्फथॅलिनची आणि कव्हरची मापे कोठे आहेत असे अवश्य विचारावे.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर ३ वर्षांनी संरचनात्मक लेखापरीक्षण करायचे असते. वरील पाहणी त्याला पर्याय नाही, पण ती केलेली असली की अभियंत्याला नेमके काय विचारायचे ते कळते.

आधी टेकू, मग तोडफोड

छज्ज्याची किंवा स्लॅबची वरवरची दुरुस्ती सोडली, तर बीम आणि कॉलमचे काँक्रीट टेकूशिवाय तोडू देऊ नये. टेकू फक्त एका मजल्याखाली लावून भागत नाही. भार जमिनीपर्यंत उतरेल अशा रीतीने खालच्या मजल्यांवरही ते एका रेषेत यावे लागतात आणि त्यांची संख्या व जागा अभियंत्याने लिहून द्यावी लागते. कॉलमच्या चारही बाजू एकाच वेळी सोलू नयेत. येथे घाई करणारा ठेकेदार कितीही स्वस्त असला तरी नाकारलेला बरा.

आखलेल्या क्षेत्राच्या कडेने कटरने साधारण १० मिलिमीटर खोल सरळ छेद घ्यावा, म्हणजे नवा माल कडेला निमुळता होऊन पापुद्र्यासारखा सुटत नाही. छेद घेताना पाते सळईला, विशेषतः वर असलेल्या रिंगांना लागणार नाही, याची काळजी घ्यावी. त्यानंतर काँक्रीट सळईच्या मागे २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा होईपर्यंत काढावे. बहुतेक कामे इथेच फसतात. सळईचा दर्शनी भाग घासून चकचकीत केला जातो, पण तिची पाठ जुन्या, कार्बोनेशन झालेल्या काँक्रीटमध्येच राहते आणि तेथून गंज पुन्हा चालू होतो. सळईच्या लांबीत मागोवा घेत, गंज संपून निळसर-करडे, स्वच्छ लोखंड दिसू लागल्यावरही आणखी १०० मिलिमीटर पुढे जावे. दुरुस्तीचे क्षेत्र पहिल्या खडूच्या रेषेपेक्षा बरेच मोठे भरले, तर त्यात नवल नाही. म्हणूनच अंदाजपत्रकात वाढीव मोजमापाची तरतूद आधीच ठेवावी.

मोजमापाचा प्रश्न जरा स्पष्ट सांगायला हवा. पॉलिमर मॉर्टरचे, म्हणजे पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मालाचे, काम बहुतेक ठिकाणी चौरस फुटांवर मोजले जाते. अशा दरात खोल तोडणाऱ्याचे नुकसान आणि वरवर खरवडणाऱ्याचा फायदा होतो. निविदेत जाडीनुसार वेगळे दर मागवावेत, आणि तोडलेला भाग अभियंत्याने पाहून सही केल्याशिवाय बंद करायचा नाही अशी अट घालावी. प्रत्येक जागेचे पट्टी धरून काढलेले छायाचित्र हा त्या अटीचा पुरावा असतो.

सळईचे काय करायचे

तारेचा ब्रश हलका गंज काढतो, पण खळग्यांतला काढत नाही. शक्य असेल तेथे सँड ब्लास्टिंग किंवा यांत्रिक ब्रश वापरावा. गंज काढणारे रासायनिक द्रावण लावले तर ते उत्पादकाने सांगितलेल्या वेळानंतर भरपूर गोड्या पाण्याने धुऊन टाकणे आवश्यक असते. क्लोराइडच्या बाबतीत तर पाण्याने धुणे ही मुख्य क्रिया समजावी, कारण खळग्यांच्या तळाशी मीठ बसलेले असते.

साफ झालेली सळई व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. व्यासातील लहान घट क्षेत्रफळात मोठी दिसते. १६ मिलिमीटरची सळई १४ मिलिमीटर उरली तर तिचे क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी घटते. १० ची ८ झाली तर ३६ टक्के जाते, आणि ८ मिलिमीटरची रिंग ६ वर आली तर ४४ टक्के. कोणत्या घटीला जादा सळई जोडायची याचा निर्णय त्या घटकावरील भार पाहून अभियंत्यानेच घ्यावा. नवी सळई जुन्या शाबूत सळईशेजारी पुरेशी लॅप लांबी (दोन सळया एकमेकींशेजारून जातात ती लांबी) देऊन बांधावी लागते, अथवा शाबूत काँक्रीटमध्ये भोके पाडून इपॉक्सीने रोवावी लागते. गंजलेल्या रिंगा दुर्लक्षिल्या जातात. कॉलमच्या उभ्या सळया बाहेरच्या बाजूला वाकू न देण्याचे काम त्याच करतात, तेव्हा तुटलेल्या रिंगा बदलल्याच पाहिजेत. सध्याच्या जुन्या इमारतींत पिळाच्या टोर सळया सापडतात. त्यांना वेल्डिंग करू नये, कारण थंड अवस्थेत पीळ देऊन मिळवलेली ताकद उष्णतेने कमी होते.

मग सळईला संरक्षक लेप लावावा. झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर किंवा सिमेंट-पॉलिमर लेप यांपैकी जो पुढच्या मालाशी जुळतो तो निवडावा, आणि तो सळईच्या पाठीमागेही पोचवावा. लोखंडी ग्रिलला लावतात तो रेड ऑक्साइड येथे लावू नये. त्यामुळे काँक्रीटची पकड जाते.

माल, पाणी आणि लेप

जुना पृष्ठभाग धुऊन, भिजवून, वर पाणी साचलेले नाही अशा अवस्थेत आणावा. त्यावर बाँडिंग कोट लावून तो चिकट असतानाच माल थापावा. कोट वाळून गेला तर तो जोडण्याऐवजी वेगळे करण्याचे काम करतो. हे टाळण्यासाठी एका वेळी जेवढा भाग थापता येईल तेवढ्यावरच कोट लावावा. पॉलिमर मॉर्टरमध्ये १ भाग सिमेंटला ३ भाग स्वच्छ, चाळलेली वाळू आणि सिमेंटच्या वजनाच्या १० ते १५ टक्के एसबीआर (कृत्रिम रबराच्या जातीचे पॉलिमर) किंवा अ‍ॅक्रिलिक पॉलिमर हे सर्वसाधारण प्रमाण असते. तयार पिशवीतील माल असेल तर पिशवीवरील सूचनाच पाळाव्यात. थर १० ते १२ मिलिमीटरचे द्यावेत. खोली ५० मिलिमीटरच्या पुढे असेल, विशेषतः कॉलममध्ये, तर थापण्याऐवजी शटरिंग लावून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचे, सहज वाहणारे काँक्रीट) ओतणे योग्य.

एसबीआर घातलेल्या मालाला पहिले एक-दोन दिवस ओले ठेवून नंतर हवेत वाळू द्यायचे असते, म्हणजे पॉलिमरचा पापुद्रा बनतो. मायक्रोकाँक्रीट किंवा साध्या काँक्रीटला मात्र गोणपाट बांधून किमान ७ दिवस, आणि फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग असलेल्या सिमेंटसाठी १० दिवस पाणी मारावे. मचूळ पाणी येथेही चालत नाही.

सर्व दुरुस्ती वाळल्यावर बाहेरच्या पृष्ठभागाला कार्बोनेशनरोधक रंग द्यावा. त्याची वैशिष्ट्ये दोन: तो कार्बन डायऑक्साइडला अडवतो, आणि आतील बाष्पाला बाहेर पडू देतो. चकाकणारा कोणताही वॉटरप्रूफ रंग हे काम करतोच असे नाही.

क्लोराइड असेल तर

केवळ तुकडे भरण्याची पद्धत क्लोराइडच्या बाबतीत उलटू शकते. दुरुस्त केलेल्या जागेतील सळई सुरक्षित होऊन कॅथोड, म्हणजे विद्युत-रासायनिक जोडीतले न गंजणारे टोक, बनते, लगतच्या जुन्या, खाऱ्या काँक्रीटमधील सळई अ‍ॅनोड होते आणि नव्या पट्टीच्या कडेलाच गंज वेगाने सुरू होतो. सुरुवातीला सांगितलेली, वीतभर अंतरावर उमटणारी भेग पुष्कळदा हीच असते. यावर उपाय म्हणजे खाऱ्या झालेल्या काँक्रीटचे मोठे क्षेत्र काढणे, अथवा पट्टीच्या कडेला सळईला जस्ताचे त्यागी अ‍ॅनोड बांधणे. ते सळईऐवजी स्वतः झिजतात. मोठ्या आणि महत्त्वाच्या बांधकामांवर बाहेरून वीज देऊन कॅथोडिक संरक्षणही करतात, पण निवासी इमारतीला त्याची कायमची देखभाल क्वचितच झेपते. बांधतानाच सर्वत्र खारे काँक्रीट पडलेले असेल, तर दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यांच्या खर्चाची तुलना आधी करून घ्यावी. त्या तुलनेत दुरुस्ती किती वर्षे टिकेल याचा अंदाज अभियंत्याकडून लेखी मागावा.

काम संपल्यावर

ओल बंद झाली नाही तर वरील सर्व खर्च वाया जातो. म्हणून न्हाणीघराचे नहाणी ट्रॅप, गच्चीचा कोबा, पाण्याचे जुने पाइप आणि एसीचे थेंब छज्ज्यावर सोडणाऱ्या नळ्या यांची दुरुस्ती सळईच्या कामाआधी किंवा सोबत करावी. छज्ज्याच्या कडेला खालून पाणीतोड खाच नसेल तर ती काढून घ्यावी; अगदी थोड्या खर्चात पाणी तळाकडे वळण्याचे थांबते. छज्ज्यावरील कुंड्या हलवण्याबद्दल सभासदांशी होणारा वाद मात्र कोणत्याही मानकात लिहिलेला नाही. तोडकामाची छायाचित्रे, बद्द आवाजाचा नकाशा, चाचण्यांचे अहवाल आणि वापरलेल्या मालाच्या बॅच क्रमांकांची नोंद सोसायटीच्या दप्तरी ठेवावी. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच नकाशावर पुन्हा ठोकून पाहताना दुरुस्तीच्या मधोमध ठोकण्याबरोबरच तिच्या कडेबाहेरचा फूटभर पट्टा आवर्जून तपासावा, कारण अपुरे तोडलेले काम आधी तेथे उघडे पडते.